चार रंगांचे पेन, सहा वह्या आणि डोक्यात शिल्लक शून्य

धुऱ्यावरचा (वणी तालुका)

काल आमच्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. कुण्या नव्यानं अधिकारी झालेल्या साहेबांची. सार असं: ज्याच्या नोट्स नाहीत त्याचा अभ्यास नाही. प्रत्येक विषयाला वेगळी वही, चार रंगांचे पेन, प्रत्येक धडा सुवाच्य अक्षरात उतरवून काढा. शेवटी सहा वह्या रांगेत मांडलेला फोटो. खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. आज सकाळपासून तीन पोट्ट्यांनी मला विचारलं, दादा, जेल पेन कोणता घेऊ? एकानं तर बापाकडून फवारणीच्या औषधाला ठेवलेल्या पैशातून दोनशे मागितले. डोकं फिरलं म्हणून लिहितो. लांब होणार आहे. कंटाळा आला त्यानं सरळ खाली जावं.

मी स्वतः चार वर्षं हेच केलं. नद्यांचा धडा तीन वेळा उतरवला. निळ्यानं नद्या, हिरव्यानं उपनद्या, लालनं उगम. अक्षर असं की मॅडमनी वर्गात दाखवायला न्यावं. पेपरात आलं, पैनगंगा कोणत्या नदीला मिळते? मी वैनगंगेवर खूण केली. अरे, मी वणीकडचा माणूस! आजीच्या अस्थी घेऊन वढ्याच्या संगमावर गेलो होतो. पैनगंगा वर्धेत पडताना याच डोळ्यांनी पाहिली आहे, त्याच पाण्यात गुडघाभर उभा होतो. तरी पेपरात वैनगंगा. कारण त्या घडीला डोक्यात नदी नव्हतीच. वहीतली एक हिरवी ओळ होती, आणि तशा हिरव्या ओळी पानावर चौदा होत्या.

आता काय करतो ते सांगतो. धडा एकदा नीट वाचतो. पुस्तक मिटतो आणि हात पोचणार नाही असं ठेवतो. मागच्या हंगामातल्या कापसाच्या वजनाच्या काटापट्ट्या घरात पडल्या आहेत, त्यांची मागची बाजू कोरी असते. तिच्यावर आठवेल तेवढं लिहितो. नकाशा असेल तर वाकड्यातिकड्या रेघा. मग पुस्तक उघडून जे चुकलं, जे सुटलं, तेवढंच लाल पेनानं. वहीत जातं ते फक्त हे लाल. बाकीची काटापट्टी चुलीत. माझी भूगोलाची वही आज 11 पानांची आहे. पहिल्या पानावर तीन ओळी: पैनगंगा वर्धेला. वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला. बस.

पुस्तक उघडं ठेवून काढलेली नोट ही हमाली आहे. एका कोठीतलं पोतं दुसऱ्या कोठीत टाकल्यानं धान्य वाढत नाही. आता या अंगावर.

रिटायर मास्तर

अंगावर यायला आम्ही काही गोऱ्हे नाही, पण उत्तर देणं भाग आहे. 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. हात वळला की डोकं वळतं, हे मी हजार पोरांत पाहिलं. पाढे लिहून घेतले, कविता लिहून घेतल्या, शुद्धलेखन दहा-दहा वेळा लिहून घेतलं. ती पोरं आज ग्रामसेवक आहेत, तलाठी आहेत. तीन वेळा उतरवूनही तुला पैनगंगा आठवली नाही, तर दोष उतरवण्याचा नाही बेटा, लक्ष कुठं होतं ते पहा.

दुसरं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली. 2023 पासून होणार होती, पुण्यात पोरं रस्त्यावर बसली म्हणून 2025 वर गेली. नऊ पेपर हातानं लिहायचे आहेत. काटापट्टीच्या मागं दोन रेघा मारणाऱ्याचं तिथं काय होईल? तिसऱ्या पानावरच मनगट धरेल.

आणि जाता जाता: हल्ली कुणालाही ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. मोबाईलनं हाताचं वाटोळं केलं. परवा नातवाचं अक्षर पाहिलं, कोंबडं पायाला शाई लावून चालून गेल्यासारखं.

खाकीचं वेड

मास्तर, मले पोलिस भरती द्यायची हाय, पोथी नाई लिवायची. 100 मार्काचा पेपर, 90 मिनिटं, गोल काया करायचे. सकायी 1600 मीटर मारून आलो, गोया फेकून फेकून दंड भरते, मंग त्या हातात पेन धरवत नाई. मी कायले नोट्स काढू? मागचे पेपर सोडवतो, चुकलं तं उत्तर पाह्यतो. झालं. धुऱ्यावरचे भाऊ, तुमचं बरोबर हाय पण तुम्ही सांगता लय.

पुणे रिटर्न

मास्तरांच्या बाजूनं बोलतो आहे, नोंद घ्यावी. 2014 साली म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केले होते. लॅपटॉपवर टिपणाऱ्यांनी व्याख्यान जवळजवळ शब्दाला शब्द उतरवलं. हातानं लिहिणाऱ्यांचं कमी उतरलं, पण समजुतीच्या प्रश्नांत हातवाले पुढे निघाले. म्हणजे हाताला किंमत आहेच.

बाकी, ज्यांना वह्यांचं कौतुक आहे त्यांनी माझ्या घरी यावं. पुण्यात तीन वर्षं कॉट बेसिसवर राहिलो. एका खोलीत पाच जण, पंख्याखाली कोण झोपणार यावर महिना-महिना अबोला. परत येताना दोन ट्रंका भरून नोट्स आणल्या. बापानं एसटीवाल्याला त्या ट्रंकांचं वेगळं तिकीट दिलं. आता त्या माळ्यावर आहेत आणि पावसाळ्यात सरपण ओलं झालं की आई वर बघते. भाड्याचे पैसे वावरात टाकले असते तर आज मोटरीची पाइपलाइन झाली असती. पण ते जाऊ द्या.

धुऱ्यावरचा

@पुणे रिटर्न, तू मास्तरांच्या बाजूनं बोलायला आलास आणि माझं काम करून गेलास. तुझ्याच प्रयोगात हातवाले पुढे का गेले? हाताला सगळं उतरवायला वेळ पुरत नाही, म्हणून निवडावं लागतं. निवडायचं तर समजून घ्यावं लागतं. उघड्या पुस्तकासमोर बसलेल्याला कसली घाई? तो दिवसभर बसून सगळंच उतरवतो. हातानं लॅपटॉपचंच काम करतो. आणि तोच प्रयोग 2019 मध्ये दुसऱ्या लोकांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा हाताची आघाडी तेवढी ठाम दिसली नाही, हेही सांगायचं होतंस.

मी दुसरा प्रयोग सांगतो. 2006, रोडिगर आणि कार्पिके. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून, मिटून, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर लिहिणारे पुढे. आपण फसतो ते इथंच. रात्री वाचलं की वाटतं, येते ना आपल्याला. पेपर मात्र पाच मिनिटांनी नसतो.

मास्तर, मनगटाचं मान्य. वर्णनात्मकला लिहिण्याचा सराव लागेल. पण सराव उत्तरं लिहिण्याचा करा, पुस्तक उतरवण्याचा कशाला? आणि माझं लक्ष कुठं होतं विचारता, तर लक्ष हिरव्या पेनात होतं. शाई संपत आली होती.

वेचणीवाली

तुम्ही सगळे टेबल-खुर्ची आहे असं धरून भांडता आहात. हातानं की लॅपटॉपनं, मिटून की उघडून! माझे दोन्ही हात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापसात असतात. कमरेला ओटी बांधलेली, बोटं बोंडांच्या काट्यांनी सोललेली. रात्री पेन धरला की कागदाला रक्त लागतं. बाकी आठ दिवस थ्रीफेज लाईट रात्रीची असली की भावासोबत ओलीताला बॅटरी धरून उभं राहायचं.

मी वही केली नाही. रात्री धडा वाचते आणि मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात प्रश्न भरते. प्रश्न विचारला की पाच श्वास गप्प. मग उत्तर. दिवसा वेचताना मोबाईल ओढणीत बांधून लावते. आधी बायका हसायच्या. आता आमच्या ओळीत एक काकू आहेत, त्यांना सही करता येत नाही, अंगठा लावतात. परवा मोबाईलनं विचारलं, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे किती विषय? मी तोंड उघडायच्या आत काकू दोन सऱ्यांपलीकडून ओरडल्या, एकोणतीस वो माय! त्यांना अनुसूची म्हणजे काय ते माहीत नाही, आणि तेही मला समजावून सांगावं लागलं. सांगता सांगता माझंच पक्कं झालं.

धुऱ्यावरचा

ताई, ते पाच श्वास गप्प राहणं, तोच तर माझा मुद्दा. तेवढ्यात डोकं स्वतः शोधतं.

वेचणीवाली

दादा, तो तुमचा मुद्दा नाही, ती माझी सोय आहे. मला उत्तर आठवायला तेवढा वेळ लागायचा म्हणून जागा सोडली. प्रत्येक गोष्ट ओढून आपल्या गोठ्यात बांधू नका.

आणि वहीचं म्हणाल तर मी आधी काढायची, चांगली काढायची. बंद का केली तेही ऐका. पंचायत राजची वही मी दोन वर्षं खपून केली होती. बलवंतराय मेहता समितीपासून वसंतराव नाईक समितीपर्यंत, 1961 चा जिल्हा परिषद कायदा, सगळं. मामेबहिणीच्या मैत्रिणीनं आठ दिवसांसाठी नेली. पाच महिन्यांनी परत आली. मधली चार पानं नाहीत, कव्हरवर हळदीचा पंजा. बरं, म्हटलं आली तरी. पुढच्या महिन्यात फॉर्म भरायला तालुक्याला गेले, तर झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर स्पायरल लावलेला सेट. वरचं पान उलटलं तर माझं अक्षर! माझा 'ळ' आणखी कोणी तसा काढत नाही, त्याला शेपूट असतं. 120 रुपये किंमत. माझीच वही मला 120 रुपयांत.

खाकीचं वेड

बाप्पा! घेतली का मंग?

वेचणीवाली

घेतली! चार पानं परत हवी होती ना.

रिटायर मास्तर

ही चोरी आहे. सरळ सरळ चोरी. मी विषयाला सोडून बोलत नाही, पण याच कारणानं मी माझं टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची टिपणवही, कुणाला दिलं नाही. एका सहकाऱ्याला एकदाच दिलं, तपासणीच्या दिवशी साहेबांसमोर त्यानं स्वतःचं म्हणून ठेवलं. शेरा त्याला 'उत्कृष्ट', मला 'टाचण आढळले नाही'. 1998 ची गोष्ट आहे, अजून जेवताना आठवली की घास फिरतो.

तालुक्याचा झेरॉक्सवाला

मी इथं नुसता वाचत होतो. पण चोरी-चोरी म्हणता आहात म्हणून बोलावं लागते. आमच्या धंद्याचं कुणाला माहीत आहे काय? पोरगं येते, वही ठेवते, म्हणते काका दोन सेट. मी काय त्याला सातबारा मागू, वही कुणाच्या नावावर आहे म्हणून? पानामागं सुटते किती? लाईट गेली की मशीन गार, आली की पहिली दहा पानं काळी, ती माझ्या खिशातून. त्यात आता सगळे पीडीएफवर. आमचं दुकान अशा सेटांवरच चालते, नाही तर कव्हाचं बंद पडलं असतं.

आणि ताईसाहेब, राग नका मानू, तुमच्या वहीवर चाळीसेक पोरं अभ्यास करून राहिली. पुण्य समजा.

वेचणीवाली

पुण्य? पुण्याचा हिशेब मग पुरता करू. त्या वहीत मी एक चूक केली होती. 73 वी घटनादुरुस्ती, समोर तारीख 1 जून 1993. झोपेत लिहिली असेल. 1 जून ही 74 वीची, नगरपालिकांची. पंचायतींची 73 वी लागू झाली 24 एप्रिल 1993 ला. मला महिनाभरानं कळलं, मी माझ्या डोक्यात दुरुस्त केली, वहीत करायची राहून गेली. आता मागच्या सराव परीक्षेत हाच प्रश्न होता. आमच्या अभ्यासिकेत सात जणांनी 1 जूनवर खूण केली. सात! एकानं तर माझ्याशीच वाद घातला, म्हणे नोट्समध्ये दिलेलं आहे. कुणाच्या नोट्स विचारलं, तर म्हणे टॉपरच्या. टॉपर! माझा निकाल तीन मार्कांनी गेलेला आहे.

धुऱ्यावरचा

आणि 24 एप्रिलला पंचायत राज दिन म्हणून ग्रामपंचायतीसमोर मांडव पडतो, त्या सातही जणांनी तिथं चहा पिला असेल. माझ्या पैनगंगेचीच भावंडं.

पुणे रिटर्न

हे पुण्यातही होतं. एका अकॅडमीच्या छापील नोट्समध्ये एक आकडा चुकला होता, तो पुढे दुसऱ्या अकॅडमीच्या नोट्समध्ये जसाच्या तसा. तिसऱ्यानं तर तो चौकटीत टाकून 'हमखास येणारे' लिहिलं.

तालुक्याचा झेरॉक्सवाला

चूक तुम्ही लिहिली, मी छापली. मशीनला काय कळते 73 वी का 74 वी. नावाचं म्हणाल तर तुमच्या भल्यासाठीच केलं. पहिल्या पानावर तुमचं नाव, गाव सगळं होतं. पोरीबाळीचं नाव असं गावोगाव फिरू नये म्हणून मीच कोऱ्या कागदाची पट्टी लावून झाकलं.

वेचणीवाली

म्हणजे तुम्हीच ते!

खाकीचं वेड

सापडला रे सापडला

तालुक्याचा झेरॉक्सवाला

मी असं म्हटलं नाही. असे बरेच सेट असतात, बऱ्याच ताया असतात.

वेचणीवाली

पट्टी लावलेली मला माहीत होती, कारण माझ्या सेटवर ती तिरपी आलेली आहे आणि खालून माझ्या गावाचं अर्धं नाव दिसतं. ती मी इथं कुणाला सांगितली नव्हती. नाव झाकायची एवढी काळजी होती तर त्या नावाच्या माणसाला शोधून चार पानं तरी द्यायची होती. पट्टी लावायला वेळ मिळाला, विचारायला नाही मिळाला.

रिटायर मास्तर

ताई, तुम्ही तक्रार करा. मी अर्ज लिहून देतो. अक्षर माझं चांगलं आहे.

धुऱ्यावरचा

धागा नोट्सचा होता, झेरॉक्सच्या काउंटरवर जाऊन बसला. तरी एक विचारतो, चिडू नका. तो सेट घेऊन बसलेल्या पोरांनी एकदा तरी मिटून, स्वतःला विचारून, पुस्तकाशी ताडून पाहिलं असतं, तर 1 जून तिथंच लाल झाला असता. दुसऱ्याची नोट वाचणं ही सगळ्यात फसवी गोष्ट. तिचं डोकं चाललं ते तिच्या घरी. तुमच्या हातात आली ती फक्त शाई, तीही झेरॉक्सची.

आणि मास्तर, तुम्हाला एक आव्हान देतो, लहान तोंडी मोठा घास समजा. पंचायत राज तुम्ही किती वर्षं शिकवलं? दरवर्षी टाचणात ते 29 विषय उतरवले असतील. आत्ता पुस्तक न उघडता कागदावर लिहा, किती येतात बघू. अंगठा लावणाऱ्या काकूंना आकडा येतो, तुम्हाला यादी यायला हवी.

रिटायर मास्तर

आम्हाला परीक्षा देण्याचं वय राहिलं नाही.

खाकीचं वेड

मास्तर, वर्गात आमी असं म्हटलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?

पुणे रिटर्न

कोंबडा.

(मधल्या काळात मीही माळ्यावर चढून एक ट्रंक उघडली. अर्थव्यवस्थेची वही उघडायच्या आधी आठवेल तेवढं लिहून पाहिलं. माझ्याच अक्षरातली दीडशे पानं, आणि मला सांगता आली ती दोन पानं. एक पान असं निघालं की त्यातला शब्दही ओळखीचा वाटेना. अक्षर मात्र फार सुंदर. धुऱ्यावरच्याला हे सांगणार नव्हतो.)

रिटायर मास्तर

लिहून पाहिलं. 29 पैकी 17. शेती, लघु पाटबंधारे, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय इथपर्यंत सरळ गेलो. सामाजिक वनीकरणही आलं. मग ग्रामीण गृहनिर्माण दोनदा लिहिलं, पिण्याचं पाणी आठवलं, आणि वाचनालयं विसरलो. ज्या वाचनालयात रोज जाऊन पेपर वाचतो ते विसरलो. हे वयामुळं आहे. तरी असं म्हणतो की शाळेतल्या पोरांना उतरवूनच घ्यावं लागतं, त्याशिवाय हात वळत नाही. मोठ्यांनी तुमचं मिटून-बिटून करावं. सौ. विचारतात, सकाळपासून काय लिहून खोडून राहिले.

धुऱ्यावरचा

17 पुष्कळ झाले गुरुजी. मला पहिल्यांदा 9 आले होते, आणि मी त्याच वर्षी उतरवले होते. उरलेले 12 तेवढे लालनं लिहा. ती तुमची वही.

रिटायर मास्तर

लाल पेन मास्तरांकडेच असतो. आम्हाला शिकवू नको.

वेचणीवाली

सगळ्यांचं समेटाचं झालं असेल तर माझ्या चार पानांचं काय ते बोला. आणि मी ऑडिओ कुणाला पाठवणार नाही, आधीच सांगते. इनबॉक्समध्ये आतापर्यंत नऊ जणांनी मागितला. काढा स्वतःचा. प्रश्न बनवतानाच निम्मं होतं, तेच तुम्हाला नको आहे.

तालुक्याचा झेरॉक्सवाला

ताई, विषय वाढवू नका. तुमची चार पानं आहेत माझ्याकडं, मास्टर कॉपीत आहेत. कव्हाही या, फुकट देतो. आणि तुमचं वाचल्याबरोबर दुकानातल्या सगळ्या सेटांवर मी स्वतः बसून पेनानं 1 जून खोडलं, 24 एप्रिल लिहिलं. तेवीस सेट होते. हात दुखून आला.

वेचणीवाली

म्हणजे अजून विकताच आहात!

खाकीचं वेड

झेरॉक्सवाले काका, दुरुस्त केलेला 120 लेच का?